किती फॅट लागली?

माझी साखर निघाली तेव्हा मी ४१ वर्षांची होते. वजन ४७ किलो, उंची पाच फूट. ‘तुला कसली गं साखर, तुझ्या अंगावर आहे काय?’ असं बहीण म्हणाली आणि मलाही ते पटलं. लॅबवाल्यानं नळ्यांची अदलाबदल केली असेल म्हणून मी दुसरीकडं जाऊन पुन्हा रक्त देऊन आले. दुसऱ्या रिपोर्टनं पहिल्याचीच री ओढली.

डॉक्टरीणबाईंनी ठरलेले प्रश्न विचारले. घरात कुणाला आहे का, काम बसून आहे का, गोड किती खाता. उत्तरं देऊन मी उठणार, तेवढ्यात लिहिता लिहिताच त्यांनी विचारलं, ‘‘जन्माचं वजन किती होतं तुमचं?’’

चाळिशी उलटलेल्या बाईला हा प्रश्न! मी म्हटलं, घरी विचारून सांगते.

रात्री आईला फोन लावला.

‘‘वजन? कोण करतंय वजन? घरात झालीस तू. ज्वारीच्या काढणीचे दिवस. सुईण म्हणाली, पोरगी मुठीएवढी हाय, पर रडती खणखणीत.’’

‘‘म्हणजे साधारण किती?’’

‘‘मुठीएवढी म्हणजे मुठीएवढी.’’ मग जरा थांबून, ‘‘का गं? काय झालं?’’

‘‘काही नाही. एका फॉर्मवर लिहायचंय.’’

साखरेचं मी तिला सांगितलंच नाही. तेव्हा का सांगितलं नाही ते नीट कळलं नव्हतं. पुढं वाचत गेले तसं कळलं.

त्याच दवाखान्यात आहाराचं सांगणारी एक मुलगी होती. तिच्या खोलीत वजनकाट्यासारखं एक मशीन. अनवाणी उभं राहायचं आणि हातात दोन दांड्या धरायच्या. अर्ध्या मिनिटानं खालून एक चिठ्ठी सरकत बाहेर आली. चरबी ३४ टक्के. मी म्हटलं, ‘‘माझ्यात?’’ आणि पुराव्यादाखल दंड पुढं केला. ती हसली. म्हणाली, ‘‘मॅडम, बारीक असणं वेगळं आणि चरबी नसणं वेगळं. तुमचं मांस कमी आहे. आपल्याकडं असंच असतं. हे आपल्या पुण्यातच शोधलंय.’’

चिठ्ठी हातात घेऊन बाहेर आले आणि आठवलं काय, तर आमच्या गावचं दूध संकलन केंद्र. अण्णा पहाटे सायकलला किटली अडकवून जायचे. तिथला पोरगा मापात दूध ओतायचा, काचेच्या बारक्या नळीत थोडं घेऊन त्यात ॲसिड टाकायचा आणि ते चक्र गरागरा फिरवायचा. मग नळी उजेडात धरून आकडा वाचायचा. इतके लिटर, इतकी फॅट. पुस्तकात नोंद. अण्णा परत आले की आई चुलीपुढूनच विचारायची, ‘‘किती फॅट लागली?’’ त्या आकड्यावर घरातली हवा ठरायची. फॅट कमी लागली की गाईची चौकशी सुरू. पेंड कमी पडली का, ओला चारा जास्त झाला का, कालवड कासेला लागली होती का. आमच्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ चरबी मोजली जायची आणि लिहून ठेवली जायची. गाईची.

मी शास्त्राची माणूस नाही, कॉमर्सची. पण आकडे दिसले की त्यांच्या मागं जायची खोड आहे. त्या मुलीच्या ‘पुण्यातच शोधलंय’वरून मी शोधत गेले आणि पहिली गाठ पडली ती एका फोटोशी. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एकाच पानावर छापलेला, दोन डॉक्टरांचा. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघं शर्टात शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानानं वजनाचा जो आकडा काढतात तो बीएमआय दोघांचाही सारखाच, २२.३. म्हणजे कागदावर दोघंही ठणठणीत. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघांच्या आडनावाचं आद्याक्षर इंग्रजीत एकच, म्हणून या कोड्याला त्या अक्षरांचं, ‘वाय-वाय’ असं नावही पडलं. स्वतःच्याच पोटाचा पुरावा करून एवढ्या मोठ्या नियतकालिकात छापणाऱ्या माणसाबद्दल मला लगेच आपलेपणा वाटला.

फोटो गमतीचा आहे, त्यामागचं काम मात्र फार वर्षांचं आणि फार चिकाटीचं आहे. १९९३ साली केईएमनं इंग्लंडातल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. तिकडून डेव्हिड बार्कर आणि कॅरोलाइन फॉल, इकडून याज्ञिक आणि त्यांचे सहकारी. प्रश्न असा होता, की पोटातल्या बाळाची वाढ आईच्या कशावर ठरते, आणि त्या वाढीचा पुढच्या आजारांशी काय संबंध आहे.

आता कल्पना करा. पोटातल्या बाळाचा अभ्यास करायचा तर ते पोटात येण्याआधीपासून आईचं वजन-उंची माहीत हवी. दिवस राहिले की पहिले दोन महिने तर कुणाला पत्ताच नसतो. मग यांनी काय केलं? गावातल्या लग्न झालेल्या सगळ्या बायकांनाच अभ्यासात घेतलं, जवळपास अडीच हजार. आणि कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघरी जाऊन पाळीची तारीख लिहून घेऊ लागल्या. दर महिन्याला! आमच्याकडं तेव्हा ‘पाळी’ हा शब्दसुद्धा मोठ्यानं उच्चारत नसत. ‘कावळा शिवला’ म्हणायचे, नाहीतर नुसतंच ‘बाजूला बसलीय’. सासूनं ओसरीवरूनच विचारलं असेल, कशाला हवी तुम्हाला तारीख? शोधनिबंधांत हे काही येत नाही. तिथं फक्त एक वाक्य असतं, ‘पाळीच्या तारखा दरमहा नोंदवल्या’. त्या एका वाक्यासाठी किती उंबरे झिजवावे लागले असतील, किती घरांत चहा घ्यावा लागला असेल आणि किती ठिकाणी तोही मिळाला नसेल, हे त्या भागात वाढलेल्या माणसाला आपोआप दिसतं.

त्यातल्या आठशेच्या आसपास बायकांची बाळंतपणं अभ्यासात धरली गेली. बाळ जन्मलं की ७२ तासांच्या आत कार्यकर्ती घरी हजर. वजन, लांबी, डोक्याचा घेर, दंडाचा घेर, पोटाचा घेर. आणि एका खास चिमट्यानं दोन ठिकाणच्या कातडीची जाडी, एक दंडाच्या मागं आणि एक पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली. माझी आजी असती तर तिनं त्या बाईला उंबरा ओलांडू दिला नसता. पाचवीही पुजलेली नाही आणि ओल्या बाळाला काट्यात घालायचं? दृष्ट लागते. आमच्याकडं बाळाचं वजन विचारलं तरी ‘हाय आपलं बरं’ एवढंच सांगायचे. काट्यात घालायची ती कोंबडी.

त्या आयांचं दिवस राहण्याआधीचं सरासरी वजन होतं ४२ किलो आणि उंची दीड मीटरच्या जरा वर. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. इथपर्यंत नवल नाही, हडकुळ्या आयांना हडकुळी बाळं. नवल पुढं आहे. सगळी मापं शेजारी शेजारी मांडली तेव्हा दिसलं की आपली बाळं सगळ्या बाजूंनी सारखी लहान नाहीत. सगळ्यात जास्त तूट पोटाच्या घेरात, म्हणजे जिथं यकृत आणि आतले बाकीचे अवयव असतात तिथं. दंडही बारीक, कारण मांस कमी. पण फऱ्याखालच्या त्या चिमट्यातली चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळाएवढी. पावणेतीन किलोचं बाळ, वरून काटकुळं आणि आतून मेदवान. पुढच्या एका अभ्यासात पुण्यातल्या बाळांच्या नाळेतल्या रक्तातही इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर आवरणारा रस, जास्त सापडलं. म्हणजे युडकिन आणि याज्ञिक यांच्यातला फरक मध्यमवयात पडलेला नव्हता. तो पाळण्यातच पडलेला होता.

असं का होतं, याचं संशोधकांचं उत्तर मी माझ्यापुरतं आमच्या घराच्या भाषेत लावून घेतलं. एखाद्या वर्षी पीक बुडालं की अण्णा काय करायचे? दादाची कॉलेजची फी आधी भरायची, ती चुकवायची नाही. बहिणीच्या चपला पुढच्या वर्षी. घराचा गिलावा त्याच्याही पुढच्या वर्षी. आणि थोडेसे पैसे आईच्या डब्यात, अडीनडीला. पोटातलं बाळही तसंच करतं. जे येतं त्यातलं आधी मेंदूला. मग स्नायू, यकृत, स्वादुपिंड यांच्या वाट्याला उरलंसुरलं. आणि थोडी चरबी गाठीला, कारण बाहेरचं जग कसं असेल याचा भरवसा नाही. पुढं बाहेर आल्यावर बरे दिवस आले, पोटभर पोळीभात मिळाला, खुर्चीवरची नोकरी लागली, की इन्सुलिन बनवणारं ते तुटपुंजं स्वादुपिंड कमी पडायला लागतं. याला चाळीस-पन्नास वर्षं लागतात. माझ्या बाबतीत एक्केचाळीस.

हा धागा पहिल्यांदा हातात आला तो बार्करांच्या, आणि तो त्यांना सापडला एका बाईमुळं. एथेल मार्गारेट बर्नसाइड. इंग्लंडातल्या हर्टफर्डशर परगण्यात त्या आरोग्यसेविकांच्या मुख्य होत्या. १९११ पासून त्यांच्या देखरेखीखाली परगण्यातल्या बाळांचं जन्माचं वजन, आणि ते वर्षाचं झालं की तेव्हाचं वजन, सुवाच्य अक्षरात वहीत उतरवलं जाऊ लागलं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी त्या वह्या बार्करांच्या हाती लागल्या. १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या साडेपाच हजारांहून जास्त पुरुषांचा त्यांनी माग काढला आणि १९८९ साली दाखवून दिलं की जन्मताना आणि पहिल्या वर्षात जे अंगानं कमी भरले होते, ते हृदयविकारानं जास्त गेले. पुष्कळांना ते तेव्हा पटलं नाही. बार्करांवर टीकाही भरपूर झाली. ते असो. मला त्यात अडकून राहावंसं वाटलं ते त्या वह्यांपाशी. ज्यांनी आकडे लिहिले त्या सेविकांना त्यांचा हा उपयोग कधीच कळला नाही. त्या फक्त नेमानं लिहीत गेल्या.

आमच्याही घरात नेमानं लिहिलेली वही होती. डेअरीचं पुस्तक.

आता मी मुद्द्यावर येते, म्हणजे मी ज्याला भीत होते त्यावर. पुण्याच्या अभ्यासात बायका काय खातात तेही बारकाईनं विचारलं होतं. दिवसाला साधारण १८०० उष्मांक आणि ४५ ग्रॅम प्रथिनं भरली. शेतात काम करणाऱ्या, लांबून पाणी आणणाऱ्या गरोदर बाईसाठी हे कमीच. पण आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला तेव्हा गंमत निघाली. बाळाचा आकार उष्मांकांशी किंवा प्रथिनांशी जुळेना. तो जुळला दुधाशी, पालेभाजीशी आणि फळांशी. ज्या बायकांच्या खाण्यात हे पुन्हा पुन्हा येत होतं, त्यांची बाळं भरलेली. आणि ज्यांना दिवसभर राबावं लागत होतं त्यांची बाळं लहान.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप मिटला. डोळ्यापुढं आमचं स्वयंपाकघर.

पालेभाजी आमच्याकडं होती, नाही असं नाही. बांधावरचा तांदुळजा, चाकवत, हरभऱ्याचा कोवळा पाला, अंबाडी. त्याला कुणी पैसे देत नव्हतं म्हणून ती घरात होती. ज्याला पैसे मिळायचे ते सगळं बाहेर. दूध डेअरीला, अंडी आम्ही माळकरी म्हणून नाहीतच, पेरू-बोरं बाजारला. आईनं दूध पाहिलं ते धारेपुरतं. घरात चहाला वाटीभर ठेवायची, त्यातला पहिला चहा अण्णांना, मग दादाला, मग पाहुण्यांना. तिच्या आणि आम्हा मुलींच्या कपात यायचा तो तांबडा चहा. आणि पोटातल्या बाळाबद्दल आजीचं एक ठाम शास्त्र होतं. पोटुशीनं कमी खावं. जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं आणि सुटका अवघड होते. आई सांगते, पहिल्या खेपेला तिला भूक आवरायची नाही, तेव्हा सासू म्हणायची, ‘पोटात दोन आणि ताटात तीन!’

लाड व्हायचे नाहीत असं नाही. सातव्या-आठव्या महिन्यात एक दिवस डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांची वाडी, वाट्यांखाली पेढा की बर्फी. आणि बाळंत झाल्यावर तर काय, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीच्या भाकरीवर तूप. ‘बाळंतीण म्हणजे काचेचं भांडं.’ मी हे कितीदा ऐकलंय, आणि त्यातली विसंगती मला बेचाळिसाव्या वर्षी दिसली. आपण खायला घालतो ते बाळ हातात पडल्यावर. ते घडत असतं तेव्हा त्याच्या आईला म्हणतो, बेतानं खा.

गोठ्यात मात्र आम्हाला सगळं कळत होतं. गाभण गाय शेवटचे दोन महिने आटवायची, धार काढायची नाही, म्हणजे जे खाईल ते पोटातल्या वासराला आणि तिच्या अंगाला. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या दोन महिन्यांत तिला सरकीची पेंड जास्त, गूळ घातलेली कणीक, बसायला कोरडी जागा. आई मात्र मी झाले त्या दिवशी सकाळी ज्वारी काढत होती. दुपारी घरी आली, संध्याकाळी मी झाले. हे ती कौतुकानं सांगते. सगळ्याच जणी सांगतात.

आणि म्हणूनच मला तिला काही सांगायचं नव्हतं. ‘आई, तू तेव्हा दूध प्यायली नाहीस म्हणून मला आज साखर आहे’, हे वाक्य मी कितीही घोळून, कितीही मऊ करून म्हटलं, तरी तिच्या कानात पडताना ते काय होऊन पडलं असतं? या सगळ्या संशोधनाबद्दल माझी एकच तक्रार आहे आणि तीही खरं तर संशोधकांबद्दल नाही, ते आपल्यापर्यंत पोचतं त्या वाटेबद्दल आहे. निबंधात ‘मातेचं पोषण’ असतं. वर्तमानपत्रात येईपर्यंत त्याचं ‘आईनं हे खावं’ होतं, आणि घरात येईपर्यंत ‘आईनं हे खाल्लं नाही’. ज्या बाईच्या हातात दुधाच्या वाटीचीसुद्धा सत्ता नव्हती, तिच्या नावावर तीस-चाळीस वर्षांनी लेकराचं स्वादुपिंड टाकायचं, हे काही खरं नाही.

अभ्यास तिथं थांबला नाही. मुलं सहा वर्षांची झाली, बारा वर्षांची झाली, अठराची झाली, प्रत्येक टप्प्यावर त्यांना पुन्हा बोलावलं. सहाव्या वर्षी जे सापडलं त्याची चर्चा अजून चालू आहे. गरोदरपणात साठवलेलं आयांचं रक्त तपासलं तर दोन तृतीयांशांच्या आसपास बायकांत ब-१२ हे जीवनसत्त्व कमी. फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व मात्र कुणाचंच कमी नाही म्हटलं तरी चालेल. ते पाल्यात असतं आणि गरोदर बाईला मिळणाऱ्या सरकारी लाल गोळीतही. ब-१२ मिळतं दुधात, अंड्यात, मांसामासळीत. म्हणजे नेमकं जे आमच्या घरातून किटलीत बसून बाहेर जात होतं त्यात. आणि ज्या आयांत ब-१२ कमी पण फोलेट भरपूर होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं सगळ्यात जास्त दिसली. (म्हणून कुणी लाल गोळी बंद करायला जाऊ नका. फोलेट नसेल तर बाळाच्या पाठीच्या कण्याचे दोष होऊ शकतात, आणि लोह तर लागतंच. कमी आहे ते भरायचं आहे, असलेलं फेकायचं नाही.) अठराव्या वर्षी तर ही मुलं दिसायला सडसडीत, कित्येक वजनानं कमीच, आणि तरीही त्यांच्यातल्या पुष्कळांची साखर हद्दीवर टेकलेली.

२०१२ साली याच मुलामुलींत एक प्रयोग सुरू झाला, आणि या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती ही पायरी. मुलं सतरा-अठराच्या घरात होती. त्यांचे तीन गट पाडले. एका गटाला रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२, दुसऱ्याला त्याबरोबर इतर जीवनसत्त्वं-खनिजं आणि दुधाची पावडर, तिसऱ्याला नुसती दिसायला तशी गोळी. २ मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे पाच लाख भाग केले तर त्यातला एक. दोन पेले दुधात साधारण एवढं असतं. आणि हे द्यायचं लग्नाआधी, दिवस राहण्याआधी, म्हणजे कुणी तिला आई म्हणून ओवाळायच्या कितीतरी आधी. कारण बाळाचे महत्त्वाचे अवयव आकार घेतात ते आईला पत्ता लागायच्या सुमारास. डोहाळजेवणाला फार उशीर झालेला असतो.

पटतं. पण वाचताना एक काटा टोचत राहतो तो राहतोच. सतरा वर्षांच्या मुलीला दूध का द्यायचं? तर तिच्या पोटी पुढं येणाऱ्या बाळाचं स्वादुपिंड नीट व्हावं म्हणून. बरं. आणि तिला भूक लागते म्हणून? ती दिवसभर कॉलेज करून एसटीला लटकत घरी येते म्हणून? त्या प्रयोगात मुलांनाही गोळ्या दिल्या होत्या, हे वाचून मला उगाच बरं वाटलं. निदान तिथं तरी मुलगी म्हणजे फक्त उद्याची कूस नव्हती.

गेल्या दिवाळीत गावी गेले. आता अण्णा नाहीत. गोठा दादा बघतो, सहा गाई आहेत, मशीननं धार काढतात आणि केंद्रावर काचेच्या नळीऐवजी एक डबा आहे, त्यात दूध ओतलं की आकडे उमटतात. चिठ्ठी छापून येते. भाची सतराची आहे, बारावीला. पहाटे साडेसहाची एसटी. निघताना कपभर चहा आणि दोन बिस्किटं.

माझ्या पर्समधल्या गोळ्या आईला सापडल्या. मी आंघोळीला गेले होते आणि ती कंगवा शोधत होती. बाहेर आले तर पाकीट मांडीवर घेऊन बसलेली. तिला वाचता येतं, पण इंग्रजी नाही.

‘‘कशाच्या?’’

सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं, कारण ती ‘कशानं झालं’ विचारायची थांबेना. मी फार जपून बोलत होते. खेडी सांगितली, पाळीच्या तारखा सांगितल्या. त्यावर ती हसली, ‘‘आमच्यात आली असती तर तुझ्या आजीनं झाडूच घेतला असता.’’ बाळांच्या पाठीवरचा चिमटा सांगितला. दुधाचं सांगितलं. आणि गप्प बसले.

आई बराच वेळ पाकिटातल्या गोळ्यांवरून बोट फिरवत होती. मला वाटलं, आता रडेल. 

‘‘म्हणून विचारत होतीस व्हय वजन,’’ ती म्हणाली. मग, ‘‘मी किती होते, ते कुणाला ठावं? माझी आई बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच गेली. तिला विचारायचं राहिलं.’’

मी काही बोलले नाही.

‘‘आन तू म्हणतीस तसं दूध प्यायचं म्हणलं, तर मागायचं कुणाकडं? किटली यांच्या हातात, पुस्तक यांच्या हातात. मी रोज विचारायची, फॅट किती लागली. मला एकदा तरी कुणी विचारलं का, जेवलीस का?’’ हे ती रागानं म्हणाली नाही. बाजाराच्या हिशेबात दहा रुपये कुठं गेले ते सापडावं, तसं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती दादाच्या आवाजानं. अंगणात कॅन गाडीवर चढवायची घाई चाललेली. आई तांब्या घेऊन कॅनपाशी उभी.

‘‘आई, मापात कमी भरंल.’’

‘‘भरू दे.’’

‘‘अगं, घरात पिशवी आहे ना कालची.’’

‘‘ती चहाची. हे पोरीला.’’

तिनं तांब्या बुडवून काढला. धारोष्ण दूध, वर फेस. दादानं माझ्याकडं पाहिलं, हिनंच काहीतरी भरवलंय डोक्यात, अशा नजरेनं. मी दुसरीकडं पाहिलं.

भाची वेणी घालत होती. पेला समोर आल्यावर नाक मुरडलं. ‘‘ई, आजी! वास येतो गं. मला नको. माझी एसटी जाईल.’’

‘‘तापवून देते.’’

‘‘साय येते मग.’’

आईनं दूध तापवलं, गाळणीनं गाळलं, साय बाजूला काढली, साखर घातली. भाचीनं एक घोट घेतला आणि पेला ठेवून दिला. आई आत गेली, फडताळातला कॉफीचा सॅशे शोधून आणला, मी मागच्या खेपेला विसरून गेलेला. दातानं फोडला. पेल्यात टाकून चमच्यानं खालीवर केलं आणि पेला पुन्हा तिच्या हातात दिला. मग दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून, पेला रिकामा होईपर्यंत.